कपाटातील पुस्तके आणि वाचनाला बिचकणारी मुले

गेली काही वर्षे डिसेंबर महिन्यात पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरत आला आहे. राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या पुढाकाराने २०२३ साली सुरू झालेल्या या महोत्सवाला पुणेकरांनी भरभरून प्रतिसाद दिला. २०२४ साली त्यानिमित्ताने ‘शांतता, पुणेकर वाचत आहेत’ हा उपक्रमही झाला. हातातील काम बाजूला ठेवून सर्वांनी एकाच वेळी तासभर वाचावे, अशी त्यामागील कल्पना होती. पुणे हे वाचणाऱ्यांचे शहर आहे, या समजुतीला अशा प्रसंगी बळ मिळते. आम्हांसही त्याचा आनंद आहे. तथापि याच शहरात सहावी-सातवीच्या वर्गात बसणारी, परंतु पाठ्यपुस्तकातील एक परिच्छेदही सलग वाचू न शकणारी मुले आहेत. त्या तासाभराच्या शांततेत त्यांनी काय वाचावे, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे.

१८४८ हे साल पुण्याच्या इतिहासात दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जोतिराव व सावित्रीबाई फुले यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. त्याच वर्षी पुणे नगर वाचन मंदिराचीही स्थापना झाली. शाळा आणि ग्रंथालय यांचा या नगरीत असा एकत्र आरंभ झाला. पुढे मात्र त्यांच्या वाटा बऱ्याच अंशी वेगळ्या राहिल्या. शाळेने अक्षरे शिकवली. ज्यांना वाचनाची गोडी आधीच लागली आहे, त्यांचे ग्रंथालयाने स्वागत केले. अक्षर ओळखणाऱ्या मुलाचा वाचक कसा होतो, ही मधली वाट मात्र कोणाच्याच जबाबदारीची राहिली नाही.

या उणिवेचे मोजमाप ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालात सापडते. २०२४ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी केवळ २३.४ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. पाचवीच्या मुलांत हे प्रमाण ४४.८ टक्के होते. २०२२ च्या तुलनेत ही सुधारणाच आहे. परंतु याचा सरळ अर्थ असा की पाचवीतील निम्म्याहून अधिक मुले दुसरीचा धडा न वाचताच पुढे सरकत आहेत. हे आकडे पुणे शहराचे नाहीत, हे खरे. पण आपल्या वस्त्यांत व बांधकामांवर राहणारी असंख्य कुटुंबे त्याच ग्रामीण भागातून आलेली आहेत. केंद्र शासनाने २०२१ साली ‘निपुण भारत’ अभियान सुरू करताना प्राथमिक इयत्तांतील प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, यासाठी २०२६-२७ या वर्षाची मुदत ठरवली होती. केवळ परिपत्रकांनी ती पाळली जाणार नाही.

अशा वेळी सहृदय माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो पुस्तके दान करण्याचा. हा विचार स्तुत्य आहे. परंतु या दानाकडे थोडे कठोरपणे पाहण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते. घर बदलताना किंवा नाताळाआधीच्या साफसफाईत जी पुस्तके नकोशी होतात, तीच बहुधा शाळेच्या दारी पोहोचतात. त्यांत जुनी मार्गदर्शके असतात, बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तके असतात, जाडजूड इंग्रजी कोश असतात. मराठी माध्यमात शिकणाऱ्या आणि घरी कदाचित तिसरीच बोली बोलणाऱ्या मुलाला त्यांचा काय उपयोग? जी थोडी चांगली पुस्तके येतात, ती हरवतील वा फाटतील या भीतीने कपाटात बंद होतात. किल्ली एका शिक्षकाकडे असते आणि शिक्षक शाळाबाह्य कामांत गुंतलेले असतात. पाहुणे आले की कपाट उघडून दाखवले जाते, पाहुणे गेले की पुन्हा कुलूप लागते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. पुस्तक दिले म्हणजे वाचन दिले, अशी आपण सर्वांनी करून घेतलेली समजूत मात्र चुकीची आहे.

ज्या मुलाला आपण ‘वाचनाचा कंटाळा आहे’ असे म्हणतो, त्याला पुष्कळदा कंटाळा नसतो, भीती असते. वर्गात उभे राहून मोठ्याने वाचताना अडखळल्यावर झालेले हसे त्याच्या लक्षात राहिलेले असते. पुस्तक म्हणजे परीक्षा, हे समीकरण त्याच्या मनात पक्के झालेले असते. म्हणून अशा मुलासाठी दिलेल्या दानात पुस्तकाबरोबर आणखी तीन गोष्टी असाव्या लागतात: निवडीचे स्वातंत्र्य, सोबतीला एक माणूस आणि चुकण्याची मुभा.

निवडीच्या स्वातंत्र्याविषयी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी एक अनुभव नोंदवून ठेवला आहे. १७ जुलै २०२४ रोजी त्यांनी साहित्यवाचनाच्या महत्त्वाविषयी एक पत्र लिहिले. त्यात ते सांगतात की १९६४-६५ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, अर्जेंटिनातील सांता फे येथील येशूसंघीय शाळेत ते साहित्य शिकवत होते. अभ्यासक्रमात ‘एल सिद’ हे जुने स्पॅनिश महाकाव्य होते आणि विद्यार्थी त्याला नाखूश होते. त्यांना गार्सिया लोर्का वाचायचा होता. तरुण शिक्षकाने मार्ग काढला: महाकाव्य घरी वाचावे, वर्गात मात्र विद्यार्थ्यांना आवडणाऱ्या लेखकांविषयी बोलावे. आवडीचे वाचता वाचता त्या मुलांना साहित्याचीच गोडी लागली आणि ती आपोआप इतर लेखकांकडे वळली. केवळ कर्तव्य म्हणून केलेले वाचन फळत नाही, हा त्या पत्रातील विचार ग्रंथदान करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा असा आहे.

सुदैवाने महाराष्ट्रात या दिशेने काम करणारी उदाहरणे आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या वतीने विनायक रानडे यांनी २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. वाढदिवसासारख्या प्रसंगी लोकांनी दिलेल्या देणगीतून शंभर पुस्तकांची पेटी तयार होते, ती वाचकांच्या एका गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी गटागटांत पेट्यांची अदलाबदल होते. येथे दान रोख रकमेचे असते आणि पुस्तके विचारपूर्वक निवडलेली असतात. शिवाय पेटी फिरती असल्यामुळे ती धूळ खात पडत नाही. १९८८ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘डोअर स्टेप स्कूल’ने पुण्यातही बांधकाम मजुरांच्या मुलांपर्यंत शाळा नेली आणि महानगरपालिकेच्या शाळांत वाचनासाठी खास तास घेतले. तेथे मुलासमोर पुस्तकाबरोबर माणूसही असतो. पुस्तकांचीही वानवा नाही. पुण्याच्या माधुरी पुरंदरे यांनी ‘वाचू आनंदे’सारखी मालिका मराठी मुलांच्या हाती दिली आहे. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील सचित्र गोष्टी विनामूल्य वाचता व छापून घेता येतात.

आता चित्रपटांविषयी. पुस्तकांच्या बरोबरीने चित्रपटही शाळेला भेट द्यावेत, असे म्हटले की काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुले आधीच मोबाईलच्या आहारी गेली आहेत, त्यात हे कशाला, असा त्यांचा रास्त प्रश्न असतो. पोप फ्रान्सिस यांच्या त्याच पत्रातही दृक्-श्राव्य माध्यमाची मर्यादा सांगितली आहे: चित्रपट बराचसा तयार होऊनच समोर येतो, वाचक मात्र आपल्या कल्पनेने पुस्तकात भर घालतो. हे आम्हांस मान्य आहे. आमचे म्हणणे इतकेच की चित्रपट पुस्तकाची जागा घेऊ शकत नाही, पण पुस्तकापर्यंत नेणारी पायरी तो होऊ शकतो.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कच्च्या वाचकावर एकाच वेळी दोन ओझी असतात. अक्षरे जुळवायची आणि गोष्ट कोठे चालली आहे तेही समजून घ्यायचे. गोष्ट आधी पाहिलेली असली की दुसरे ओझे उतरते. पात्रे ओळखीची होतात, पुढचे वाक्य अंदाजाने पकडता येते आणि वाचण्याचे धैर्य येते. मराठीत अशा जोड्या विपुल आहेत. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ मूळचा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेतला. त्यावर २०१७ साली चित्रपट निघाला. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी आणि सुजय डहाके यांचा त्यावरील चित्रपट आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ व अमोल पालेकरांनी केलेले तिचे चित्ररूप आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २००२ चा ‘दहावी फ’ तर मागे पडलेल्या तुकडीतील मुलांचीच कथा सांगतो. अशा मुलांबरोबर तो पाहिला, तर बोलण्यासारखे पुष्कळ निघते.

साने गुरुजींची ‘श्यामची आई’ ही जोडी विशेष सोयीची आहे. मूळ पुस्तक एकेका रात्रीच्या गोष्टींत विभागलेले असल्याने बिचकणाऱ्या वाचकाला एका बैठकीत एकच ‘रात्र’ पुरते. आचार्य अत्रे यांचा १९५३ चा त्यावरील चित्रपट राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी ठरला. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर व चित्रपटाच्या प्रकाशनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, त्यामुळे पुस्तक आणि तो जुना चित्रपट या दोहोंची मुदत आता संपलेली आहे. नव्या चित्रपटांबाबतही, प्रेक्षक शाळेचे विद्यार्थी, शिक्षक, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढेच असतील, तर शैक्षणिक उपक्रमाचा भाग म्हणून ते दाखवण्यास कायद्यात सवलत आहे. अर्थात प्रत अधिकृत असावी.

आणखी एक साधन हाताशी आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांनी १९९६ पासून एक साधा विचार मांडला: पडद्यावर जे गाणे वा संवाद ऐकू येतो, तोच त्याच भाषेत खाली लिहून दाखवावा. प्रेक्षक नकळत वाचू लागतो. गाण्याचे शब्द पाठ असल्याने डोळे अक्षरांशी ते जुळवतात आणि परीक्षेची भीतीही नसते. दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये हा प्रयोग झाला. शाळेसाठी चित्रपट निवडताना मराठी उपशीर्षके असलेली प्रत मिळते का, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

मात्र चित्रपट लावून शिक्षकांनी निघून जावे, असे होता कामा नये. मध्येच थांबवून ‘पुढे काय होईल?’ असे विचारावे, पुस्तकातील तोच प्रसंग एकाने वाचून दाखवावा, चित्रपटात काय गाळले ते मुलांना शोधू द्यावे. पुस्तकात आणखी काही आहे, हे ज्या क्षणी मुलाला कळते, त्या क्षणी ते पुस्तक मागू लागते. तेव्हा पुस्तकाची प्रत हाताशी हवी. म्हणून चित्रपटासोबत त्याच्या पुस्तकाच्या पाच-दहा प्रतीही भेट द्याव्यात.

आपल्या मराठी कॅथोलिक समाजाला वाचन परके नाही. ‘निरोप्या’ मासिक १९०३ पासून आपल्या घरांत येत आहे. पुण्यातील अनेक धर्मग्रामांच्या जवळ शाळा आहेत, वस्त्या आहेत आणि सेवानिवृत्त शिक्षकही आहेत. आम्ही आपणांस एवढेच सुचवू इच्छितो: पुस्तके पाठवण्यापूर्वी शाळेला, आणि शक्य तर मुलांनाच, काय हवे ते विचारा. जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्याऐवजी मुलांनी निवडलेली दहा नवी पुस्तके द्या. आठवड्यातून एक तास स्वतः जाऊन मुलांशेजारी बसा; चुका न काढता ऐका. आणि काही पुस्तके हरवतील, फाटतील, हे आधीच गृहीत धरा. कपाटात कोऱ्या राहिलेल्या शंभर पुस्तकांपेक्षा हाताळून झिजलेली दहा पुस्तके अधिक मोलाची आहेत.

जे मूल वाचायला शिकत नाही, त्याच्यासाठी दहावीनंतरची दारे एकेक करून मिटत जातात. पुढे अर्ज, करारपत्र, औषधाची चिठ्ठी, या सर्वांसाठी ते दुसऱ्यावर विसंबून राहते आणि फसवले जाते. हे टाळणे आपल्या आवाक्यात आहे. पुस्तकाबरोबर आपला थोडा वेळही दिला, तरच ते दान पूर्ण होईल.