तुरुंगांतील बाग आणि बाहेरचा समाज

कैद्याच्या हातीं कुदळ आणि कुंचला द्यावा, अशी सूचना केली कीं कित्येक सद्गृहस्थांच्या कपाळास आठ्या पडतात. ज्यानें समाजाचा अपराध केला त्याला फुलझाडांची आणि रंगांची चैन कशास पाहिजे, असा त्यांचा प्रश्न असतो. ह्या प्रश्नाचें उत्तर परमुलखांत शोधावयास नको. तें आमच्याच सांगली जिल्ह्यांत, आटपाडीच्या माळावर, १९३९ सालापासून उभें आहे.

औंध संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांनीं, पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रीडमन ह्यांच्या साहाय्यानें, तेथें स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत स्थापिली. कैद्यानें शेत पिकवावें, कुटुंबासह राहावें, आणि दिलेला शब्द हेंच आपलें कुंपण मानावें, ही तिची कल्पना. तिच्याच आधारें व्ही. शांताराम ह्यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा बोलपट १९५७ सालीं निघाला. पंतप्रतिनिधि स्वतः चित्रकार होते, हाहि केवळ योगायोग आम्ही समजत नाहीं.

क्षणाच्या संतापांत ज्यानें आयुष्याची माती केली, त्याला रोपटें धीर शिकवितें. कारण तें दरडावून वाढत नाहीं. चौघांनीं मिळून एक भिंत रंगविली म्हणजे दुसऱ्याच्या रेषेस मान देणें भाग पडतें. हेंच शील सुटकेनंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उपयोगीं पडावयाचें असतें.

परंतु खुल्या वसाहतींत जागा मिळते ती शिक्षा झालेल्या, निवडक कैद्यांस. २०२२ सालच्या सरकारी आंकड्यांप्रमाणें देशांतील दर ४ बंद्यांपैकीं सुमारें ३ बंद्यांचे खटले निकालांत निघालेले नव्हते. कायद्याच्या दृष्टीनें निर्दोष असलेला माणूस बंद कोठडींत रिकामा बसून झिजतो आणि शिक्षा झालेला मात्र मोकळ्या हवेंत नांगर धरतो, ह्याहून विपरीत न्याय कोणता? म्हणून वाफे आणि रंग प्रथम जिल्ह्याच्या तुरुंगांत गेले पाहिजेत.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. बागेच्या नांवाखालीं वेठबिगार होतां कामा नये. ज्याचा खटला चालूं आहे त्याच्यावर कामाची सक्ति नसावी. भाजी विकली गेल्यास मोबदला पिकविणाऱ्यास मिळावा. आणि बाग झाली म्हणून खटला लौकर चालविण्याचें कर्तव्य कोणी विसरूं नये. गुलाबाच्या ताटव्यानें न्यायाचा विलंब झांकत नाहीं.

१९९८ सालीं सांगली, मिरज व कुपवाड एका महानगरपालिकेखालीं आलीं. सांगलीचा तुरुंग त्यामुळें कुपवाडकरांस परका राहिलेला नाहीं. येथील उद्योगपतींनीं अवजारें द्यावींत, चित्रकला-शिक्षकांनीं आठवड्याचा एक तास द्यावा, आणि सुटून आलेल्या माणसाला कारखान्याच्या दारांतून परत लावूं नये. आंत त्यानें झाड जगविलें, तर बाहेर आम्हीं माणूस जगविला पाहिजे.