८४ लाखांची गाडी अडीच लाखाला गेली! मग आपणही जुनी लक्झरी एसयूव्ही घ्यावी का?

पहूर (ता. जामनेर) : कापसाचे पैसे हातात आले, केळीचा हिशेब झाला किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला खात्यावर पडला, की आपल्याकडे गाडीचा विषय निघतोच. पूर्वी तो बोलेरो-स्कॉर्पिओपर्यंत थांबायचा. मग फॉर्च्युनर आली. आता मोबाइलवर रोज व्हिडिओ येतात. दिल्लीतला डीलर, मागे रांगेत ऑडी, मर्सिडीज, रेंज रोव्हर. बटण दाबलं की गाडी बसलेल्या उंटासारखी हळूहळू उठते. खाली पट्टी, "फक्त १२ लाख". बसस्टँडवरच्या टपरीवर कोणीतरी म्हणतंच, "का भो, स्कॉर्पिओच्या पैशात रेंज रोव्हर येती, मंग कशाला विचार करायचा?"

विचार करायचा तो इथेच. कारण जुनी झाली की गाडीची किंमत उतरते, तिच्या स्पेअर पार्टची उतरत नाही. १२ लाखाला घेतलेली गाडी दुरुस्तीला गेली, की बिल ८०-९० लाखांच्या गाडीचंच येतं. बाकी सगळा हिशेब या एका गोष्टीभोवती फिरतो.

या गाड्या इतक्या स्वस्त का?

पहिलं कारण दिल्लीचं. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल आणि १५ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल गाड्यांना मनाई केली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, असं ठरलं. लोक ओरडले आणि काही दिवसांत तो निर्णय मागे पडला. पण त्याच आठवड्यात, २०१५ मध्ये ८४ लाखांना घेतलेली मर्सिडीज एका मालकाने अडीच लाखाला विकल्याची बातमी देशभर फिरली. तिथून आपल्याकडे समज झाला की दिल्लीत सोनं मातीमोल विकलं जातंय.

पुढची बातमी मात्र कमी लोकांनी वाचली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वयावरून कारवाई करायला मनाई केली. डिसेंबर २०२५ मध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. २०१५-१६ च्या बहुतेक लक्झरी डिझेल गाड्या बीएस-४ मध्येच येतात. म्हणजे निव्वळ बंदीच्या भीतीने गाडी फुकून टाकायची वेळ आता तितकी राहिलेली नाही. तरीही कोणी "दिल्लीत बंदी आहे म्हणून स्वस्त देतो" म्हणत असेल, तर खरं कारण दुसरं काही आहे का, हे आधी शोधायला हवं.

दुसरं कारण जीएसटीचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोठ्या एसयूव्हीवरचा कर सेससह ५० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप पडतो. ब्रिटनसोबत २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारातही तिकडून येणाऱ्या ठरावीक संख्येच्या गाड्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. म्हणजे आज घेतलेली जुनी गाडी दोन वर्षांनी विकताना भाव आणखी खाली गेलेला असू शकतो.

तिसरं कारण गाडीच्या पोटात आहे. ते म्हणजे हवा.

बटणावर उठणारी गाडी

बोलेरोला मागे पाटे असतात. स्कॉर्पिओ, फॉर्च्युनरला लोखंडी स्प्रिंग असते. रेंज रोव्हर, लँड रोव्हर डिस्कव्हरी, मर्सिडीजची मोठी एसयूव्ही, ऑडी क्यू-७, व्होल्वो एक्ससी-९० यांच्या बऱ्याच मॉडेलांत स्प्रिंगच्या जागी रबराच्या हवेच्या पिशव्या असतात. शिवनेरीची व्होल्वो बस अशाच पिशव्यांवर चालते, म्हणून तिच्यात धक्के कमी लागतात.

गाडीखाली एक छोटा कॉम्प्रेसर असतो. तो हवा भरतो, व्हॉल्व्ह ती चारही चाकांना वाटतात, आणि प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर उंची मोजून कॉम्प्युटरला सांगतो. बटण दाबलं की गाडी वर, पुन्हा दाबलं की खाली. वाघूरच्या काठचा चिखल, शेतरस्त्याची खोल चाकोरी, मुरुमाचा चढ, अशा ठिकाणी गाडी वर घेतली तर पोट घासत नाही. सोय चांगली आहे, यात वाद नाही. पण वर घेतलेली गाडी जोरात पळवायची नसते. वेग ठरावीक मर्यादेपुढे गेला की बहुतेक गाड्या स्वतःच खाली येतात.

आता दुखणं. रबर म्हटलं की ते म्हातारं होणार. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो, काळ्या मातीची धूळ रबराच्या घडीत बसते, गोठ्याशेजारी उभ्या गाडीच्या नळ्या उंदीर कुरतडतात. पिशवीला बारीक चीर गेली की हवा हळूहळू निघते. ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो आणि शेवटी तोच जळतो. विहिरीच्या पाइपाला गळती असली आणि मोटर रात्रंदिवस चालू ठेवली, तर मोटरचं जे होतं तेच. एका पिशवीकडे दुर्लक्ष केलं की खर्च दोन ठिकाणी.

मग एक दिवस सकाळी उठून बघावं तर गाडी एका कोपऱ्यावर बसलेली. ओढून न्यायची तर टायर मडगार्डला घासतो. गावातल्या मिस्तरीला बोलवावं, तर त्याच्याकडे त्या कंपनीचा स्कॅनर नाही. यात मिस्तरीचा दोष नाही. त्याने आयुष्यभर पाटे आणि स्प्रिंग बसवल्या आहेत.

हिशेब कापसात करून बघू

कंपनीच्या एका एअर स्ट्रटची, म्हणजे हवेची पिशवी आणि शॉकअप एकत्र असलेल्या भागाची किंमत बऱ्याच मॉडेलांत लाखाच्या आसपास किंवा वर जाते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आहे. म्हणजे एका चाकाचा एक भाग बदलायला १२ क्विंटलपेक्षा जास्त कापूस. चारही बदलायची वेळ आली तर जवळपास ५० क्विंटल. एकरी ५ क्विंटल उतारा धरला तर १० एकरांचा अख्खा हंगाम. त्यातून बियाणं, फवारणी, वेचणी वजा केलेली नाही. आणि कापूस हमीभावाने जाईलच याची खात्री कोण देतं?

बाहेरच्या कंपनीचे भाग स्वस्त मिळतात, पण त्यांचं आयुष्य कमी-जास्त निघतं. काही जण हवेची व्यवस्था काढून साध्या स्प्रिंग बसवतात. त्यात पैसे वाचतात, पण मग बटण नुसतं शोभेला उरतं आणि डॅशबोर्डवर लाल दिवा पेटत राहतो. ज्या सोयीसाठी गाडी घेतली तीच गेली. असा बदल आरटीओ आणि विमा कंपनीला विचारल्याशिवाय करू नये, नाहीतर अपघातानंतर दावा अडकू शकतो.

टायर, ब्रेक, विमा, डिझेल हे वेगळंच. बीएस-६ डिझेल असेल तर धुराचा फिल्टर असतो. त्याला अधूनमधून हायवेवर सलग पळवावं लागतं. रोज फक्त घर ते शेत चालवली तर तो तुंबतो.

संभाजीनगरच्या १५० मर्सिडीज आठवतात?

ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादमध्ये १५० मर्सिडीज एकत्र खरेदी झाल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार. स्टेट बँकेने मोठं कर्ज दिलं, तेही ७ टक्क्यांच्या आसपास व्याजाने. ट्रॅक्टरच्या कर्जाला यापेक्षा कितीतरी जास्त व्याज का, असा सवाल तेव्हा उठला होता आणि तो रास्त होता.

आपल्यासाठी त्यातला धडा वेगळा आहे. ते गट करून गेले, म्हणून भाव आणि व्याज दोन्ही पाडून घेतलं. गाड्या नव्या होत्या, वॉरंटी होती. पहूरचा माणूस जुनी गाडी घ्यायला निघतो तेव्हा तो एकटा असतो. वॉरंटी संपलेली असते, अधिकृत वर्कशॉप शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, काही कंपन्यांचं तर पुण्या-मुंबईलाच. जुन्या परदेशी गाडीला बँका सहज कर्ज देत नाहीत आणि दिलं तर व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त असतं. २०१० च्या त्या गाड्यांची १५ वर्षांची नोंदणीही २०२५ मध्ये संपली. १५ वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणाची केंद्राची फी साध्या कारला ५ हजार आणि परदेशातून आयात केलेल्या कारला ४० हजार रुपये आहे. पर्यावरण कर आणि फिटनेस तपासणी वेगळी.

कागदात अडकलेली गाडी

दिल्लीची गाडी इथे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते, ती फॉर्म २८ वर मिळते. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, की नवा नोंदणी क्रमांक घ्यावाच लागतो. "डीएल पाटीवरच फिरवू, कोण विचारतंय" हे चालत नाही.

महाराष्ट्राचा रोड टॅक्सही भरावा लागतो. नव्या डिझेल कारला २० लाखांपुढे तो १५ टक्के आहे, कंपनीच्या नावावरच्या आणि आयात गाड्यांना २० टक्के. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, पण हिशेब मूळ किमतीपासून सुरू होतो, तुम्ही मोजलेल्या १२ लाखांपासून नाही. अनेकांचं बजेट इथेच कोलमडतं. व्यवहाराआधी जळगाव आरटीओत जाऊन आकडा काढून घ्या.

डीलर "१८ टक्के जीएसटी लागेल" म्हणाला तर घाबरू नका. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत ठरलेला तो कर डीलरच्या नफ्यावर आहे, पूर्ण किमतीवर नाही. त्याने १० लाखाला घेऊन ११ लाखाला विकली तर कर १ लाखावर, म्हणजे १८ हजार. घरगुती माणसाने माणसाला विकली तर तोही नाही.

आणखी एक धोका. सप्टेंबर २०२५ मध्ये कस्टम खात्याने केरळात 'ऑपरेशन नुमखोर' राबवलं. भूतानमधून आणलेल्या जुन्या लँड क्रूझर, लँड रोव्हरसारख्या गाड्या लष्कराच्या आणि दूतावासांच्या नावाचे खोटे कागद करून भारतात नोंदवल्याचा आरोप होता. तीसहून अधिक गाड्या जप्त झाल्या, नामवंत नटांच्या दारातूनही. त्यांना निदान वकील परवडतो. आपल्या दारातून गाडी गेली तर पैसेही गेले.

घ्यायचीच असेल तर

हौसेला मोल नसतं, हे मान्य. शेत, घर, पोरांचं शिक्षण बाजूला ठेवून पैसा उरत असेल तर जरूर घ्या. पण एवढं करा:

• संध्याकाळी सपाट जागेवर गाडी उभी करून चारही चाकांच्या मधल्या टोपणापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा. रात्रभर हलवू नका. सकाळी पुन्हा मोजा. एक कोपरा ठळक खाली गेला असेल तर गळती समजा. विक्रेता रात्रभर गाडी ठेवायला तयार नसेल, तर तेही उत्तरच आहे.

• इंजिन थंड असताना चालू करा. गाडी सगळ्यात खाली, मध्ये आणि सगळ्यात वर घेऊन बघा. चारही कोपरे सारखे उठतात का, कॉम्प्रेसर घरघर करत थांबतच नाही का, ते ऐका.

• रॅम्पवर चढवून पिशव्यांच्या घड्या बघा. नळ्यांच्या जोडावर साबणाचं पाणी टाका. पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसंच, बुडबुडा आला की गळती.

• नुसत्या हवेवर किंवा जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच शिरू नका. हवा गेली की गाडी क्षणात खाली बसते. टायर बदलतानाही आधी उंचीची यंत्रणा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बंद करा.

• त्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पैसे देऊन स्कॅन करून घ्या आणि चेसिस नंबरवरून जुन्या सर्व्हिसची नोंद मागा. पुरात बुडालेली गाडी तिथेच उघडी पडते.

• आरसी, चेसिस नंबर, चलन, कर्जाचा बोजा परिवहनच्या संकेतस्थळावर तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ आधी. फॉर्म २९, ३० वर सह्या घेऊन नाव लगेच लावा, विमाही नावावर करा.

नाव लावण्याची गोष्ट विकणाऱ्यालाही लागू आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की गाडी कितीही हात बदलून गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकावर येते. म्हणून आपली जुनी स्कॉर्पिओ देऊन ही घेणार असाल, तर तिचंही नाव आधी उतरवा.

शेवटी एक साधा नियम. गाडीच्या किमतीइतकीच नाही, पण निदान तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी काढता येत असेल, तरच या वाटेला जा. १२ लाखांची गाडी म्हणजे हाताशी १६ लाख हवेत, आणि वरचे चार लाख पीककर्जातून आलेले नकोत. तेवढं जमत नसेल तर स्प्रिंगवाली फोर-बाय-फोर घ्या. ती बटणावर उठत नाही, पण शेतात बंद पडली तर पहूरचाच मिस्तरी येऊन ती चालू करून देतो.