नकली हंसाला नवा रंग

शिकारीचा मोसम जवळ आला की अमेरिकेत हजारो नकली हंस रंगायला निघतात. पण त्यातला एखादा हंस असा असतो, की त्याला ब्रश लावणे म्हणजे त्याचे वाटोळे करणे!

गणेशोत्सवाच्या आधी पेणच्या एखाद्या कारखान्यात डोकावले तर काय दिसते? फळ्यांवर ओळीने मांडलेल्या मूर्ती. कुणाला नुसता पांढरा हात दिलेला, कुणाचे पीतांबर रंगवून झालेले, तर कुणी डोळ्यांच्या आखणीची वाट पाहत बसलेला. अमेरिकेतल्या मिनेसोटा, नॉर्थ डाकोटा किंवा मेरीलँड राज्यात ऑगस्ट महिन्यात एखाद्या घराच्या गॅरेजमध्ये शिरलात, तर थेट असेच दृश्य दिसू शकते. फरक एवढाच, की इथे फळ्यांवर मूर्तींऐवजी हंस मांडलेले असतात. कुणाची मान काळी करून झालेली, कुणाच्या गालावरचा पांढरा पट्टा राहिलेला, कुणाची चोच मोडलेली. गेल्या मोसमातला चिखल धुऊन, रंग उडालेल्या हंसांना नवे रूप देण्याचे काम घरातला बाप आणि त्याची शाळकरी मुले मिळून करत असतात. बऱ्याच राज्यांत सप्टेंबरमध्ये कॅनडा गूज या पक्ष्याच्या शिकारीचा पहिला मोसम सुरू होतो. त्याआधी ही सगळी फौज तयार व्हायला हवी!

कॅनडा गूज म्हणजे बदकांच्याच कुळातला, पण अंगापिंडाने बराच मोठा असा जंगली हंस. काळी लांब मान आणि हनुवटीखालून दोन्ही गालांवर गेलेला पांढरा पट्टा ही त्याची ओळख. हा पक्षी थव्याने राहतो, थव्यानेच उडतो आणि उतरायची जागाही थव्याच्या भरवशावरच निवडतो. कापणी झालेल्या मक्याच्या शेतात आपले भाईबंद निवांत चरताना दिसले, की ही जागा सुरक्षित, असा हिशेब तो वरूनच करतो. शिकारी नेमका याच सवयीचा फायदा घेतात. डझनभर, कधी कधी शेकड्यांनी नकली हंस शेतात मांडायचे, मधे उतरण्यापुरती मोकळी जागा ठेवायची आणि आपण दडून बसायचे. या नकली पक्ष्याला म्हणतात 'डिकॉय'.

पण हंस काही भोळा नाही. त्याची नजर तीक्ष्ण असते. माणसाला न दिसणारे अतिनील किरणही पक्ष्यांना दिसतात. सकाळच्या उन्हात एखाद्या डिकॉयची पाठ चकाकली, तरी अख्खा थवा वरच्या वर वळून निघून जातो. म्हणूनच रंगाला एवढे महत्त्व.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानहंसांची शिकार हा गुन्हा आहे. जायकवाडीला किंवा उजनीला हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हंस दुर्बिणीतूनच पाहायचे. अमेरिकेत मात्र परवाना काढून, ठरलेल्या मोसमात आणि ठरलेल्या संख्येत शिकार करता येते. त्यासाठी सोळा वर्षांवरच्या प्रत्येक शिकाऱ्याला सरकारचे 'डक स्टॅम्प' घ्यावे लागते. १९३४ पासून चालत आलेल्या या तिकिटाचा बहुतेक सगळा पैसा पाणथळ जागा राखण्यासाठी जातो. शिकार कुणाला पटो वा न पटो, तिच्या पोटी जन्मलेली ही कारागिरी मात्र पाहण्याजोगी आहे.

दोन हजार वर्षांची कला

ही कला किती जुनी असावी? नेवाडा राज्यात लव्हलॉक नावाची गुहा आहे. १९२४ मध्ये तिथे उत्खनन करताना एका खड्ड्यात नीट गुंडाळून ठेवलेली अकरा नकली बदके सापडली. पाणवनस्पतीच्या लव्हाळ्यासारख्या काड्या वळून त्यांचे शरीर बनवले होते, त्यावर रंग दिला होता, काहींना तर खरी पिसे लावली होती. ही बदके सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत! गोरा माणूस त्या भूमीवर पोहोचण्याच्या कितीतरी आधी तिथल्या मूळ रहिवाशांनी हे तंत्र साधले होते. १९९५ मध्ये नेवाडाने या नकली बदकाला राज्याचे मानचिन्ह म्हणून मान दिला.

पुढे युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी हीच कल्पना लाकडात आणली. वजनाला हलके आणि पाण्यात लवकर न कुजणारे सीडर हे त्यांचे आवडते लाकूड. डोके बहुधा पाइनचे. कुणी बुचाच्या लाकडाचे हंस केले, तर नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर तारेच्या आणि लाकडाच्या सांगाड्यावर कॅनव्हास ताणून. एकोणिसाव्या शतकात पक्षी मारून शहरातल्या हॉटेलांना विकणे हा मोठा धंदा झाला आणि डिकॉयची मागणीही वाढली. चेसापीक उपसागराकाठी तर गावेच्या गावे यात रमली. तिथले हॅव्हर द ग्रेस हे छोटे शहर आजही स्वतःला 'जगाची डिकॉय राजधानी' म्हणवून घेते आणि तिथे डिकॉयचे संग्रहालयही आहे.

पक्ष्यांचा असा संहार चालणार किती दिवस? १९१८ च्या कायद्याने स्थलांतरित पक्ष्यांची विक्री बंद झाली. काही शिकारी तर पाळलेले जिवंत हंसच पाण्याकाठी बांधून ठेवत; १९३५ मध्ये त्यावरही बंदी आली. उरले ते लाकडी आणि पुढे प्लॅस्टिकचे हंस.

धुवा, घासा, रंगवा

आज शेतात दिसणारे बहुतेक डिकॉय प्लॅस्टिकचे असतात. ते महाग असतात, डझनांनी घ्यावे लागतात आणि तीन-चार मोसमांत ऊन, पाऊस, चिखल खाऊन त्यांचा रंग उडतो. नवे घेण्यापेक्षा जुने रंगवणे परवडते. शिवाय त्यात एक गंमतही आहे.

पहिले काम धुण्याचे. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून मऊ ब्रशने घासायचे. पंखांच्या खाचांत बसलेला चिखल निघालाच पाहिजे, कारण त्यावर दिलेला रंग पहिल्याच पावसात पोपड्यासारखा सुटतो. मग सावलीत पूर्ण वाळवायचे. सुटलेला रंग खरवडायचा आणि बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा. गुळगुळीत प्लॅस्टिकला रंग धरत नाही. तो थोडा खरखरीत झाला की धरतो.

भेगा आणि मोडलेल्या चोची याच वेळी दुरुस्त करायच्या. दोन नळ्यांतला माल मिसळून लावायचा एपॉक्सी इथे कामी येतो. पाण्यावर तरंगणाऱ्या डिकॉयमध्ये पाणी शिरत असेल तर ते भोक शोधून बुजवायचे. तळाचे वजन आणि नांगराची दोरी तपासायची. त्यानंतर प्लॅस्टिकला धरणाऱ्या प्रायमरचा एक हात.

खरी कसोटी रंगाची. रंग बाहेरच्या भिंतींना देतात तसा, पण अजिबात तकाकी नसलेला हवा. आधी अंगाला राखी-तपकिरी, छातीला फिकट आणि शेपटीखाली पांढरा. मग मान, डोके आणि शेपूट काळी. शेवटी गालाचा पांढरा पट्टा. खऱ्या हंसाच्या पाठीवर प्रत्येक पिसाची कड फिकट असते. ती दाखवण्यासाठी ब्रशला जेमतेम रंग लावून, तो कागदावर पुसून, जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवतात. वर आलेल्या कडांनाच रंग लागतो, खाचा गडद राहतात आणि बघता बघता पाठीवर पिसे उमटतात! मुलांना हे काम सर्वांत आवडते.

मानेची मात्र एक अडचण असते. काळा रंग कितीही मंद घेतला तरी ओला झाला की चकाकतो. त्यावर उपाय म्हणजे फ्लॉकिंग. मानेला डिंकासारखा चिकट पदार्थ लावायचा आणि त्यावर बारीक काळ्या धाग्यांची पूड भुरभुरायची. वाळल्यावर मखमलीसारखी लव तयार होते आणि दव पडले तरी मान मंदच दिसते. एक दिवस वाळू द्यायचे, मग खण असलेल्या पिशवीत एकेक हंस वेगळा ठेवायचा, म्हणजे घासून रंग जात नाही.

इथपर्यंत सगळे सोपे. प्लॅस्टिकच्या हंसावर कुणीही बिनधास्त हात साफ करून घ्यावा. बिघडला तर पुन्हा धुवावा!

माळ्यावरचा हंस

आता एक वेगळी परिस्थिती कल्पून पाहा. आजोबा गेले. घर आवरताना माळ्यावर पोत्यात बांधलेले सहा लाकडी हंस सापडले. रंग उडालेला, एकाची मान सैल, दुसऱ्याच्या पाठीत छर्रे रुतलेले. नातवाच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने ठरवले, आजोबांची आठवण म्हणून हे सगळे हंस घासूनपुसून नवेकोरे करायचे. हेतू किती चांगला! पण पॉलिश पेपरचे पहिले दहा फराटे त्याने मारले, की जे गेले ते कायमचे गेले.

कारण लाकडी डिकॉय आता लोककला मानली जाते. न्यूयॉर्कचे वास्तुविशारद जोएल बार्बर यांनी १९३४ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले आणि लोकांच्या नजरा वळल्या. त्यांचा संग्रह व्हरमाँट राज्यातल्या शेलबर्न संग्रहालयात आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या ईस्ट हार्विचचे एल्मर क्रोवेल (१८६२-१९५२) हे या कलेतले मोठे नाव. त्यांनी केलेला एक झोपलेला कॅनडा गूज २००७ मध्ये ११ लाख ३० हजार डॉलरना विकला गेला! यात लाकडाची किंमत ती काय? मोल आहे ते क्रोवेल यांच्या हाताचे आणि त्यांनी स्वतः दिलेल्या, तशाच टिकलेल्या रंगाचे. रंगाखालचे लाकूड तेच असले, तरी वरून दुसऱ्याने रंग चढवला की अशा हंसाची किंमत एकदम खाली येते.

यातली गोम अशी, की जुने शिकारी स्वतःच हंस पुन्हा पुन्हा रंगवत. त्यांच्या लेखी ते अवजार होते. नांगराच्या फाळाला धार लावावी, तसा मोसमाआधी हंसाला रंग द्यायचा. म्हणून तर मूळ रंगाचे हंस दुर्मीळ झाले. मेरीलँडमधल्या क्रिसफिल्डचे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे भाऊ व्यवसायाने न्हावी. केस कापता कापता ते डिकॉय कोरत आणि जगप्रसिद्ध झाले. आपणच पूर्वी केलेले डिकॉय लेम यांनी पुढे पुन्हा रंगवल्याची उदाहरणे आहेत. कारागिराने स्वतः दिलेला दुसरा हात संग्राहक वेगळ्या मानाने पाहतात. पण परक्याने दिलेला हात तो परकाच!

मग माळ्यावरच्या त्या हंसांचे करायचे काय? जाणकार सांगतात, आधी काहीच करू नका. पाणी नको, साबण नको, तेल नको. मऊ ब्रशने वरची धूळ झटका. उलटा करून तळ पाहा. तिथे कारागिराचा शिक्का, मालकाची आद्याक्षरे किंवा डागलेली खूण असू शकते. सर्व बाजूंनी फोटो काढा. ऊन आणि शेगडी यांपासून दूर ठेवा आणि माहीतगाराला दाखवा. आणखी एक धोका लक्षात ठेवायला हवा. जुन्या रंगांत शिसे असू शकते. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीच्या रंगाची धूळ मुलांच्या पोटात गेली तर अपाय होतो. म्हणजे घासायचा मोह टाळणे हे हंसाच्या आणि घराच्याही हिताचे.

जाणकार दुरुस्ती करणाऱ्याची पद्धत अगदी उलटी असते. तो रंग चढवत नाही, उतरवतो. अतिनील दिव्याखाली हंस धरला की नंतर दिलेला रंग वेगळा चमकतो. क्ष-किरण चित्रात आतले खिळे, सांधे आणि छर्रे दिसतात. मग भिंगाखाली, धारदार पात्याने, वरचा थर कणाकणाने सोडवत तो मूळ रंगापर्यंत पोहोचतो. एका हंसाला कित्येक तास लागतात. जिथे रंग पुरता गेला आहे तेवढ्याच ठिकाणी तो नवा रंग भरतो आणि काय केले ते लिहून देतो. लिलावाच्या यादीतही ही दुरुस्ती नमूद केली जाते. न सांगता केलेली दुरुस्ती ही फसवणूकच समजली जाते.

रंग द्यायचा तर सांगून

पण प्रत्येक लाकडी हंस काही लाखमोलाचा नसतो. माहीतगाराने पाहून सांगितले, की हा साधाच, कारागीर अज्ञात, रंग आधीच चार वेळा चढलेला आणि नातवाला तो पुन्हा पाण्यावर न्यायचा आहे. मग? मग त्याने खुशाल रंगवावा. आजोबांनीही तेच केले असते. संग्राहकांच्या कपाटात बसणे हेच काही प्रत्येक हंसाचे भाग्य नव्हे. पाण्यावर तरंगण्यासाठीच तो कोरला होता.

फक्त दोन गोष्टी कराव्यात. सहापैकी एक हंस आहे तसाच राहू द्यावा, म्हणजे आजोबांच्या हाताचा रंग घरात राहील. आणि रंगवलेल्या पाचांच्या तळाशी आपले नाव व साल लिहावे. पन्नास वर्षांनी पुन्हा कुणी तो माळा आवरील, पोते सोडील आणि हंस उलटा करून पाहील. कुठला हात आजोबांचा आणि कुठला नातवाचा, हे त्याला कुणाला विचारावे लागणार नाही.