खो-खो : सुराचा भाव आणि हुलकावणीचे मोल

खो-खो हा पळण्याचा खेळ आहे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः तो निसटण्याचा खेळ आहे. एका बाजूला नऊ गडी पाठलागावर, त्यांतले आठ मध्यपाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले आणि नववा धावणारा. दुसऱ्या बाजूला मैदानात अवघे तीन संरक्षक. संख्येचा विचार केला तर हा सामना मुळातच विषम आहे. परंतु खेळाची घडण ज्यांनी केली त्यांनी सारी बंधने नवांवर टाकली आणि सारी मोकळीक तिघांना दिली. पाठलाग करणाऱ्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही. एकदा धरलेली दिशा खांब येईपर्यंत सोडता येत नाही. संरक्षक मात्र कोठूनही कोठेही जाऊ शकतो. बळाला नियमाची वेसण आणि दुर्बलाला युक्तीची मुभा, हा या खेळाचा गाभा आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाची नियमावली तयार केली, त्यानंतर मैदानाची मापे बदलली, वेळा बदलल्या. गाभा मात्र तोच राहिला.

हा गाभाच आता वादाचा विषय झाला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्याजवळ बालेवाडी येथे ‘अल्टिमेट खो-खो’ नावाची व्यावसायिक साखळी स्पर्धा सुरू झाली. सहा संघ, विजेचा लखलखाट, मातीऐवजी मॅट आणि दूरचित्रवाणीसाठी आटोपशीर केलेला खेळ, असे तिचे स्वरूप. नवाच्या जागी सात गडी आले. नऊ मिनिटांची पाळी सात मिनिटांची झाली. मैदानाची लांबी २७ मीटरवरून २२ मीटरवर आली. साध्या स्पर्शाने गडी बाद केल्यास दोन गुण, सूर मारून बाद केल्यास तीन गुण, असे दर ठरले. ‘वजीर’ नावाचा एक नवा गडी आला, ज्याला दिशेचे बंधन नाही. पहिल्या हंगामाचा अंतिम सामना ओडिशाच्या संघाने तेलुगू योद्धाज संघाविरुद्ध ४६-४५ असा जिंकला. एका गुणाच्या या फरकाने नव्या प्रकाराला हवी तशी जाहिरात मिळाली, यात नवल नाही.

खानदेशात या नव्या अवताराचे स्वागत संमिश्र झाले आहे. जळगाव असो की धुळे, शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर या विषयाची दोन मते ऐकू येतात. ज्यांनी तरुणपणी मातीत खो-खो खेळला, त्यांपैकी अनेकांना नवा खेळ परका वाटतो. ‘हा खो-खो नव्हे, ही झोंबाझोंबी झाली’, हा त्यांच्या तक्रारीचा सूर. तरुण खेळाडूंचे म्हणणे वेगळे आहे. ज्या खेळाला गल्लीबाहेर कोणी विचारत नव्हते, तो घराघरांतील पडद्यावर आला; खेळाडूला मानधन मिळू लागले; खो-खो खेळतो असे सांगताना मान ताठ राहू लागली, हे ते दाखवून देतात. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि म्हणूनच हा प्रश्न नव्याजुन्याच्या भावनिक भांडणापलीकडे नेऊन तपासला पाहिजे.

नियमांतील किंमतशास्त्र

कोणत्याही खेळाची गुणपद्धती ही एक प्रकारची बाजारपेठच असते. तेथे प्रत्येक कौशल्याला भाव असतो आणि खेळाडू त्या भावाकडे पाहून आपले श्रम लावतो. जुन्या खो-खोत गडी कसाही बाद झाला तरी गुण एकच. सूर मारला काय किंवा उभ्याने स्पर्श केला काय, फळ सारखे. संरक्षणाला वेगळे गुण नव्हते. पण म्हणून ते फुकट होते असे नव्हे. नऊ मिनिटांच्या पाळीत एखादा संघ साधारणपणे नऊ गडी टिपत असेल, तर प्रत्येक गड्यामागे एक मिनिट खर्ची पडते. अशा वेळी एकटा संरक्षक तीन मिनिटे नाबाद राहिला तर त्याने प्रतिपक्षाचे दोन-तीन गुण न घडताच बुडवले. हे उत्पन्न फलकावर दिसत नाही, परंतु निकालात उतरते. वृत्तपत्रांतील खो-खोच्या बातम्या कोणाचे संरक्षण किती मिनिटांचे झाले हे आवर्जून देत आल्या, ते याच कारणाने. न दिसणाऱ्या श्रमाची ती एक नोंदवहीच होती.

नव्या प्रकारात काय बदलले? मैदान लहान झाल्याने संरक्षकावर अन्याय झाला, असे अनेक जाणकार म्हणतात. हिशेब मांडला तर तो आक्षेप फारसा टिकत नाही. २७ बाय १६ मीटर म्हणजे ४३२ चौरस मीटर. २२ बाय १६ म्हणजे ३५२. जागा सुमारे साडेअठरा टक्क्यांनी घटली. परंतु पाठलागाचे गडी नवाचे सात, म्हणजे बावीस टक्क्यांनी कमी झाले. पूर्वी एका पाठलाग्याच्या वाट्याला ४८ चौरस मीटर येत; आता ५० येतात. म्हणजे केवळ मैदानाने तराजू फिरवला नाही. तो फिरवला दोन गोष्टींनी. एक म्हणजे वजीर, ज्याने बलिष्ठ पक्षाच्या नाकातील वेसण काढून घेतली. दुसरी म्हणजे सुराचा भाव. साध्या स्पर्शापेक्षा सूर दीडपट महाग झाला. दीडपट भाव मिळत असेल तर विक्रेता तोच माल बाजारात आणील, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. संरक्षकाने ठराविक वेळ तग धरल्यास त्यालाही गुण देण्याची तरतूद नव्या नियमांत आहे, हे मान्य केले पाहिजे. जुन्या खेळात जे अदृश्य होते ते येथे फलकावर आले, ही एक सुधारणाच म्हणावी लागेल. परंतु प्रेक्षकांचा जल्लोष आणि कॅमेऱ्याची नजर सुराकडेच राहते. हुलकावणीकडे ती वळायच्या आत संरक्षक दुसऱ्या खांबाशी पोचलेला असतो.

काळ्या मातीवरचा सूर

खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. मॅटवर सूर मारणे आणि तापीकाठच्या काळ्या मातीवर सूर मारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पावसाळ्यात चिखल, हिवाळ्यात ढेकळे आणि उन्हाळ्यात भेगा, असे ज्या मैदानाचे वर्ष जाते, तेथे सूर मारणाऱ्या मुलाची कातडी गुडघ्यापासून कोपरापर्यंत सोलवटून निघते. जुने खेळाडू तेथेही सूर मारत, पण बेताने आणि गरज पडली तरच. कारण त्याचा मोबदला साध्या स्पर्शाइतकाच होता. आता मोबदला वाढला, त्याचा भाव बालेवाडीत ठरला. त्याची किंमत मात्र चोपडा, साक्री, शिरपूरच्या शाळांतील मुले आपल्या गुडघ्यांनी मोजणार. एका मैदानापुरते मॅट घ्यायचे तरी खर्च लाखांत जातो. ज्या शाळेत खांब पुरण्यासाठी शिक्षक वर्गणी काढतात, तेथे मॅट येणार कोठून?

खो-खो हा गरिबांचा खेळ झाला तो काही योगायोगाने नव्हे. त्याला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही, बूटही लागत नाहीत. दोन खांब आणि चुन्याची फक्की एवढ्यावर तो उभा राहतो. म्हणूनच तो जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि आश्रमशाळांत रुजला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरवले. परंतु शारीरिक शिक्षणासाठी शिक्षक द्यायचा तो शंभरांहून अधिक पटाच्या उच्च प्राथमिक शाळेला, आणि तोही अर्धवेळ. अशा परिस्थितीत मजुरी करणाऱ्या आईबापांच्या मुलाला जिल्ह्याच्या, राज्याच्या संघापर्यंत नेणारे जे थोडे रस्ते उरतात, त्यांत खो-खो आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. तेव्हा संघनिवड कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या नियमांनी होते, हा केवळ रसिकतेचा मामला राहत नाही. तो पोटाशी येऊन भिडतो.

यात मुलींचा प्रश्न आणखी निकडीचा आहे. महाराष्ट्रातील मुलींनी या खेळात जे कमावले ते थोडे नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी नेपाळला हरवून विजेतेपद पटकावले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचेच. तथापि व्यावसायिक साखळीचे पहिले दोन्ही हंगाम केवळ पुरुषांचे झाले. पैसा आला, पण तो घराच्या अर्ध्याच भागात आला. आणि तो विश्वचषकही जुन्या नऊ जणांच्या नव्हे, तर सात जणांच्या जलद प्रकारात मॅटवर खेळला गेला. याचा अर्थ असा की जे उपांग म्हणून आले होते, त्याने मूळ अंगाचे नाव घेण्यास सुरुवात केली आहे.

शाखा आणि खोड

असा वाद खो-खोपुरताच नाही. जपानमध्ये १९८७ साली हिदेओ कोजिमा यांनी ‘मेटल गिअर’ नावाचा व्हिडिओ गेम तयार केला. शत्रूशी लढण्याऐवजी त्याची नजर चुकवून निसटणे, हेच त्यातले कौशल्य. पुढे त्या मालिकेची ‘मेटल गिअर सॉलिड’ म्हणून जगभर ख्याती झाली. २०१३ मध्ये तिची एक तलवारबाजीची शाखा निघाली, ‘मेटल गिअर रायझिंग’. लपण्याच्या जागी कापाकापी आली आणि जुने चाहते दुखावले. नव्यांना मात्र तिचा वेग भावला. परंतु तेथे एक पथ्य पाळले गेले. सुरुवातीला जाहीर केलेल्या नावातून ‘सॉलिड’ हा शब्द वगळण्यात आला आणि शाखेला स्वतंत्र नाव राहिले. मूळ मालिकेचा पुढला भाग २०१५ मध्ये आला. शाखा शाखेच्या जागी राहिली, खोड खोडाच्या जागी.

क्रिकेटची गोष्टही फार वेगळी नाही. १९७१ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला, २००८ मध्ये आयपीएल आली. दोन्ही वेळा कसोटी क्रिकेटची घटका भरल्याचे भाकीत झाले. कसोटी टिकली ती केवळ रसिकांच्या प्रेमावर नव्हे. तिचे विक्रम वेगळे ठेवले गेले, तिचे संघ वेगळे निवडले गेले आणि झटपट क्रिकेटच्या उत्पन्नातून तिचा खर्च चालला. मूळ रूपाला संरक्षण मिळाले म्हणून नवे रूप त्याला गिळू शकले नाही.

खो-खोलाही हीच वाट धरता येईल. पहिली गोष्ट, दोन प्रकारांचे विक्रम आणि संघनिवड वेगळी ठेवावी. मातीवरच्या राज्य व राष्ट्रीय स्पर्धांचे महत्त्व घटू देऊ नये. दुसरी, शालेय स्पर्धा नऊ गड्यांच्या, एका गुणाच्याच पद्धतीने व्हाव्यात. बारा वर्षांच्या मुलाला मातीवर सुराचे आमिष दाखवणे हे क्रीडाधोरण नव्हे. तिसरी, जिल्हा क्रीडा संकुलात मॅटचा एक संच ठेवून तालुक्यांतील होतकरू मुलामुलींना त्यावर सरावासाठी आळीपाळीने आणावे, म्हणजे नव्या प्रकाराची दारे फक्त शहरांतील मुलांना उघडी राहणार नाहीत. चौथी, व्यावसायिक साखळीने महिलांचा हंगाम सुरू करावा आणि उत्पन्नाचा काही निश्चित वाटा ज्या जिल्ह्यांतून खेळाडू येतात त्यांच्याकडे वळवावा. नव्या खेळाचा कच्चा माल ज्या मातीत पिकतो, तिला खत घालण्याची जबाबदारी माल नेणाऱ्याचीही आहे. कापूस आणि केळी पिकवणाऱ्या खानदेशाला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. माल आपला आणि भाव दुसऱ्याचा, हा अनुभव त्याच्या अंगवळणी पडलेला आहे.

नव्याला विरोध करून जुने वाचत नाही, हे जुन्या खेळाडूंनी ओळखले पाहिजे. त्यांची तक्रार गतकाळाच्या ओढीतून आली असेल, पण तिच्यात एक खरी सूचना दडलेली आहे. टाळ्या मिळवणारे कौशल्य आणि सामना वाचवणारे कौशल्य ही दोन वेगळी असू शकतात. संध्याकाळी एखाद्या शाळेच्या मैदानावर आठवीतील मुलगी खांबाला वळसा घालते, पाठीमागच्या गड्याला घाईने खो द्यायला लावते आणि मध्यपाटी ओलांडून निघून जाते. त्या क्षणी फलकावर काहीच हलत नाही. पण तिच्या संघाचे अर्धे मिनिट वाचलेले असते. त्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब ठेवणारा कोणी तरी मैदानात असला पाहिजे.