केसपेपरवर एक रकाना हवा

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य



सुपारी-चुन्याचा बार गालात धरला की आत काय घडतं, ते आधी सांगते. चुन्यामुळे लाळ अल्कधर्मी होते. त्या लाळेत सुपारीतल्या पॉलिफेनॉलचं ऑक्सिडीकरण होऊन सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात. सुपारीतलं तांबं आणि लोह त्यात भर घालतं. यातून निघणारे फ्री रॅडिकल्स पेशीच्या डीएनएवर घाव घालतात. पेशी डागडुजी करते. पण ती पुरी होण्याआधीच पुढचा बार येतो. डॉक्टर याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. तंबाखू हा भार आणखी वाढवते. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 च्या अहवालात नोंदवलेलं आहे.

हे वर्षानुवर्षं चालतं आणि डोळ्यांना दिसतं. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा येतो. तिखट लागलं की आग होते. पुढे गाल आतून ताठ होतो, तीन बोटं मावायची तिथे दोन मावतात, मग एक. एवढ्या काळात बार धरणारा माणूस ताप, खोकला, साखर, कशाकशासाठी पालिकेच्या दवाखान्यात येऊन गेलेला असतो. त्याला कुणी 'आ' करायला सांगितलं नाही. शेवटी मानेत गाठ घेऊन तो आमच्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात पोचतो, तिथून बहुतेकदा परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयात. मशेरी लावणाऱ्या बायकांकडे तर कुणाचं लक्षच जात नाही.

हा उशीर टाळता येतो. तिरुवनंतपुरममध्ये प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं नुसत्या नजरेने तपासली. 2005 मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. धारावी, प्रतीक्षा नगर, अँटॉप हिल इथल्या आरोग्यसेविकांना हे काम सहज जमेल. टॉर्च द्या, प्रशिक्षण द्या आणि संशयित रुग्णाला रांगेत न ताटकळवता थेट बायोप्सीची तारीख द्या. तिशीनंतर तोंडाची तपासणी करावी, असं असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमातही आहेच.

अन्न व औषध प्रशासनाला विचारायचं ते असं: गुटखा आणि पान मसाल्यावर 2012 पासून बंदी आहे, दरवर्षी तिची अधिसूचना निघते, तरी टपरीवर मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी हातात पडते कशी? गिऱ्हाईक दोन्ही तळहातावर एकत्र करतो, झाला गुटखा. टपरीवाल्याला दंड करून हे थांबणार नाही. माल उतरतो त्या गोदामापर्यंत जा.

आणखी एक. कॅन्सरवरचा शेक, म्हणजे किरणोपचार, चालू असलेल्या रुग्णांना 'अँटिऑक्सिडंट' म्हणून महागड्या गोळ्या गळ्यात मारल्या जातात. किरणोपचार कॅन्सरच्या पेशी मारतात तेच मुळी बऱ्याच अंशी ऑक्सिडीकरणाच्या घावाने. क्युबेकमध्ये डोके-मानेच्या कॅन्सरच्या 540 रुग्णांवर अभ्यास झाला, तेव्हा व्हिटॅमिन ई चालू असेपर्यंत ते घेणाऱ्यांत दुसरे नवे कॅन्सर जास्त आढळले. प्रत्येक शेक केंद्राबाहेर हा इशारा ठळक मराठीत आणि हिंदीत लावा.

केसपेपरवर बीपी लिहिता, साखर लिहिता. त्याखाली 'तोंड तपासले' असा रकाना छापा आणि तो कोरा राहिला तर जाब विचारा.

आपली,
शीवची एक रहिवासी