भीमेची वाळू आणि गावाचा रोजगार

'वाळूचे लिलाव पुन्हा सुरू करा' हे पत्र वाचले. वाळूमुळे मजुरी मिळते, ट्रॅक्टरचे हप्ते फिटतात हे पत्रलेखकाचे म्हणणे खरेच आहे. पण ही मजुरी नेमकी कशातून येते, ते पत्रात नाही.

भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. वरून वाहून येणारा गाळ-वाळू तेव्हापासून बहुतांशी धरणातच अडतो. म्हणजे पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या पात्रातून उपसलेली वाळू पहिल्यासारखी भरून निघत नाही. वर्षातले बरेच महिने इथली भीमा धरणातून सोडलेल्या पाण्यावरच वाहते. ते पाणी वाळूच्या थरात मुरते, आवर्तन संपल्यावरही काठच्या विहिरींना पाझर टिकतो. थर गेला की खाली खडक नाहीतर काळा चिखल उघडा पडतो. पात्रात पुरुषभर खोल खड्डे होतात, काठ ढासळतो. वारीला आलेला भाविक स्नानाला याच पात्रात उतरतो, हेही लक्षात घ्यावे.

विहीर आटल्यावर ऊस, डाळिंब, दुधाची जनावरे यांवर चालणारी मजुरीही जाते, आणि ती वाळूपेक्षा किती तरी अधिक घरांना पुरते. शासनाने 2023 मध्ये 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले. दर उतरला तरी पात्रातली वाळू वाढत नाही. बांधकामाला खडीची कृत्रिम वाळू वापरावी. लिलावाआधी पात्राची मोजणी व्हावी आणि तिचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

– नदीकाठचा एक शेतकरी, ता. मंगळवेढा, जि. सोलापूर