आत्मचरित्र नको, रोजनिशी द्या!

मोठ्या पदावरून निवृत्त झालेला गृहस्थ आत्मचरित्र लिहायला बसला, की मला धडकी भरते. शेवट काय झाला हे त्याला आधीच ठाऊक असते, आणि प्रत्येक प्रसंगी त्याचेच म्हणणे खरे ठरलेले असते. अशा ग्रंथाला आपण ‘इतिहासाचे साधन’ म्हणतो. रोजनिशीला मात्र चहाड्यांचे बाड म्हणून नाक मुरडतो. हा उफराटा न्याय मला मुळीच मान्य नाही.

माझा साक्षीदार कॅनडाचा आहे. चार्ल्स रिची १९३४ साली परराष्ट्रखात्यात शिरले आणि वॉशिंग्टन, बॉन, लंडन अशा ठिकाणी देशाची वकिली करून १९७१ साली निवृत्त झाले. त्यांची १९३७ ते १९४५ ची रोजनिशी १९७४ साली ‘द सायरन इयर्स’ ह्या नावाने निघाली. नावातच श्लेष आहे: सायरन म्हणजे हवाई हल्ल्याचा भोंगा, आणि ग्रीक पुराणातली खलाशांना भुलवणारी मोहिनीही! १९४० साली लंडनवर बाँब पडत होते तेव्हा सकाळी आपले घर उभे असेल की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या रात्रीचा तो न जाणतेपणा रोजनिशीतच टिकतो.

“पण थट्टेखोराची साक्ष कशी मानावी?” असे कोणी विचारील. अहो, रिचींची थट्टा सर्वांत आधी स्वतःला बोचते. स्वतःचा डौल आणि बड्या मंडळींची ओढ त्यांनी मुळीच झाकलेली नाही.

मग सगळेच सांगितले काय? नाही. कादंबरीकार एलिझाबेथ बोवेन त्यांना १९४१ साली भेटल्या. दोघांचे प्रेम बाईंच्या मृत्यूपर्यंत, १९७३ पर्यंत, टिकले. छापताना रिचींनी त्यातले बरेचसे मागे ठेवले. बाईंची पत्रे आणि ती राखून ठेवलेली पाने २००८ साली एकत्र प्रसिद्ध झाली, रिचींच्या निधनानंतर तेरा वर्षांनी. टीकाकार इथे बोट ठेवतात. मी उलट विचारतो, झाकलेले सापडले कुठे? रोजनिशीतच ना! आत्मचरित्रकाराने जे कधी लिहिलेच नाही, ते कोण कुठून शोधून काढणार?

तेव्हा वाचकहो, यंदाच्या साफसफाईत माळ्यावरून उतरवलेल्या आजोबांच्या डायऱ्या अजून रद्दीवाल्याकडे गेल्या नसतील, तर फराळानंतर दोन पाने वाचून पाहा. कुटुंबाला थोडी लाज वाटावी असे काही त्यांत सापडले, तर त्या मुळीच देऊ नका.